परतीचे दोर जपणारी विद्या

कोल्हापुरातून रंकाळा मागे टाकून बालिंगे, कळे, साळवण ही गावे ओलांडत निघालेला रस्ता सुमारे ५५ किलोमीटरनंतर गगनबावड्यास पोहोचतो आणि तेथे घाटमाथा एकाएकी संपतो. एक वाट करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरते, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेस जाते. डोक्यावर गगनगड उभा असतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने उभारलेल्या किल्ल्यांमध्ये परंपरेने याची गणना होते. गडावर गगनगिरी महाराजांचा मठ असल्याने भाविकांची ये-जा वर्षभर सुरू असते. समोर मात्र सह्याद्रीचे उभे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेले कोकण.

सुट्टीच्या दिवशी कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर येथील कितीतरी व्यापारी कुटुंबे शिदोरी बांधून येथे येतात. वडीलधारी मंडळी गडाच्या पायऱ्या चढून येतात, मुले वाऱ्यात खेळतात, छायाचित्रे काढली जातात. अशा वेळी पुण्यात किंवा मुंबईत शिकणारा घरातील एखादा मुलगा, एखादी मुलगी त्या कड्याकडे निराळ्या नजरेने पाहते. महाविद्यालयाच्या काळात त्यांनी कृत्रिम भिंतीवर चढण्याचा सराव केलेला असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली या खेळाचा प्रथमच समावेश झाल्यापासून ते वेड अधिकच वाढलेले असते. “दोर लावून हा कडा चढता येईल का?” असा प्रश्न सहज निघतो आणि आईच्या काळजात चर्र होते. वडील एका शब्दात विषय संपवतात. मुलगा गप्प बसतो. पण पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर ‘सहलीला’ म्हणून निघतो, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत काय आहे हे घरात कोणी विचारलेले नसते.

या नकारात माया आहे, हे खरे. परंतु नकारामुळे इच्छा संपत नाही. ती केवळ घराच्या नजरेआड जाते. म्हणून या विद्येत नेमके काय शिकवले जाते आणि ते कोणाकडून शिकावे, हे पालकांनी समजून घेणे अधिक हिताचे आहे.

दोर कापण्याची गोष्ट आणि दोर राखण्याची विद्या

कडा आणि दोर म्हटले की मराठी मनाला पहिली आठवण सिंहगडाची होते. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांचे मावळे रात्री कडा चढून गडावर गेले. तानाजी पडल्यावर माघारी फिरणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीने सांगितले की परतीचे दोर कापून टाकले आहेत, अशी परंपरा सांगते. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात तेथूनच रुळला आणि धाडसाचा दुसरा अर्थच तो होऊन बसला.

ते युद्ध होते. प्रस्तरारोहण, म्हणजे उभा कातळ हातापायांच्या बळावर चढण्याचा खेळ, याच्या नेमका उलट धडा देतो. येथे पहिल्या दिवसापासून शिकवले जाते ते परतीचे दोर राखणे. वर जाण्याआधी खाली कसे यायचे हे ठरलेले असावे. आणि ठरलेले काही बिघडले तर माघार कोठून घ्यायची हेही ठरलेले असावे. शिखर पाच हातांवर असताना मागे फिरण्याची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याच्या दोराचे दुसरे टोक हाती धरण्यास जाणता आरोहक राजी होत नाही.

पायऱ्या आणि कडा यांतील अंतर

डोंगर चढणे या वाचकांना नवे नाही. गिरनारच्या जवळपास दहा हजार पायऱ्या चढून आलेले आजोबा-आजी घरोघरी आहेत. मांगीतुंगीच्या सुळक्यांभोवती कातळात कोरलेल्या वाटेने प्रदक्षिणा केलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. परंतु त्या पायऱ्या कोणीतरी घडवल्या, कठडे कोणीतरी बसवले, सैल दगड कोणीतरी काढून टाकला. यात्रेकरूची काळजी वाहणारा कोणी एक त्याच्या आधी तेथे येऊन गेलेला असतो.

शहरातील कृत्रिम भिंतीचेही तसेच आहे. तेथील रंगीत पकडी घट्ट बसवलेल्या असतात, वरचा आधार तपासलेला असतो, खाली जाड गादी असते. उघड्या कड्यावर यांपैकी काहीच नसते. हातात आलेला दगड पक्का आहे की निखळणारा, मागे कोणी ठोकलेली मेख अजून वजन पेलेल की नाही, वरून दगड येईल काय, हे सारे तेथे उभ्या असलेल्या माणसांनाच पाहावे लागते. भिंतीवर तरबेज झालेला तरुण कड्यावर नवशिकाच असतो, कारण दुसऱ्याने केलेल्या तपासणीवर तो आजवर चढत आलेला असतो.

सह्याद्रीचा कातळ

ज्या कड्यावर चढायचे त्याचा स्वभाव कळणे हा शिक्षणाचा पुढचा पाठ. अबूच्या पहाडाचा खडक ग्रॅनाइटचा, कठीण आणि बऱ्याच ठिकाणी एकसंध. सह्याद्रीची घडण वेगळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा बेसॉल्ट तयार झाला. त्यामुळे येथे टणक कातळाच्या पट्ट्यांमध्ये ठिसूळ थर येतात, मधल्या टप्प्यांवर गवत आणि माती साचते, पायाखाली घसारा असतो. कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर त्याच्याही वर जांभ्याचे आवरण आढळते. खालून अखंड वाटणारा कडा प्रत्यक्षात अनेक निरनिराळ्या भिंतींचा बनलेला असतो.

त्यात गगनबावड्याचा पाऊस. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुक्यात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्यात तो पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. हे पाणी कातळाच्या फटींत शिरते, माती वाहून नेते, दगड सैल करते. पावसाळ्यात दरड कोसळून वाहतूक थांबणे या घाटांना नवे नाही. रस्त्यावर जे घडते तेच कड्यावरही घडते. फरक एवढाच की तेथे ते हटवायला कोणी येत नाही. लोखंडी मेखांनाही हाच पाऊस गंजवतो. वरून शाबूत दिसणारी मेख खडकाच्या आत अर्धी झिजलेली असू शकते. म्हणून जुन्या मेखेवर डोळे झाकून भार न टाकणे आणि एका आधारावर कधीही विसंबून न राहता किमान दोन स्वतंत्र आधार एकत्र बांधून त्यांवर भार विभागणे, हा नियम पहिल्या आठवड्यातच शिकवला जातो.

सह्याद्रीत चढाईचा हंगाम साधारणतः दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हे कडक होण्याआधी संपतो. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एका स्थानी राहतात. त्यामागचा जीवदयेचा हेतू वेगळा; तरी पावसाचे चार महिने पायांना आवर घालण्याची शिस्त या घरांना परकी नाही. ओल्या कातळापासून दूर राहण्याचा नियम येथील मुलांना समजावून सांगणे त्यामुळे अवघड जाऊ नये.

आणखी एक धोका दगडाचा नसून कड्यावर वस्ती करणाऱ्या जीवांचा आहे. उभ्या कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, उग्र सुगंध आणि आरडाओरडा यांनी माशा उठल्या, तर दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाला पळायला जागाच नसते. चढाईच्या आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा न्याहाळावा, मोहोळ अथवा पक्ष्यांची घरटी दिसल्यास मार्ग बदलावा, अत्तर लावून कड्याखाली जाऊ नये, शेकोटी पेटवू नये, असे जाणते प्रशिक्षक बजावतात. त्या जीवांना त्यांच्या जागी निवांत राहू देण्यात माणसाचीही सुरक्षितता सामावलेली आहे.

दोराचा जमाखर्च

नवख्याला वाटते की दोर धरून वर चढायचे असते. प्रत्यक्षात चढणारा हातापायांनीच चढतो. दोर असतो तो पडल्यास सावरण्यासाठी. एक हात किंवा एक पाय हलवताना उरलेले तीन अवयव कातळावर पक्के ठेवायचे, हा चढाईचा मूळ नियम. कमरेभोवती आणि मांड्यांभोवती पट्ट्यांचा हार्नेस असतो, त्यात दोर गाठीने ओवलेला असतो आणि खाली उभा असलेला सोबती तो दोर एका साधनातून हळूहळू सोडत राहतो. या राखणीला ‘बिले देणे’ म्हणतात. चढणारा निसटला तर सोबत्याच्या हातातील साधन दोराला पकडून धरते.

सर्वांत पुढे चढणाऱ्याचे गणित व्यापाऱ्याला चटकन उमगेल. तो वाटेत जागोजागी कातळात आधार लावून त्यांत दोर अडकवत जातो. शेवटच्या आधारापासून तो ३ मीटर वर गेला आणि तेथून निसटला, तर आधी ३ मीटर खाली त्या आधारापर्यंत आणि पुढे आणखी ३ मीटर, असा किमान ६ मीटर पडतो. दोराचा ढिलेपणा आणि ताण त्यात मिळवायचा तो वेगळाच. आधारापासूनचे अंतर जितके, त्याच्या दुप्पट उधारी. खाली उभे असणाऱ्याला ती दिसत नाही, पण वरच्याच्या खात्यावर ती क्षणाक्षणाला चढत असते. आधार किती अंतरावर लावायचा हे ठरवणे म्हणजे या उधारीला मर्यादा घालणे.

साधनांच्या बाबतीतही पारख लागते. गोदामात गासड्या बांधण्याचा नायलॉनचा दोर कितीही जाड असला तरी चढाईचा दोर होत नाही. चढाईच्या दोरात आतला गाभा आणि वरचे विणीचे आवरण असते, आणि पडणाऱ्याचा झटका शोषून घेण्यासाठी तो ताणला जाईल अशी त्याची रचना असते. खाली उतरण्यासाठी वापरला जाणारा कमी ताणाचा दोर वेगळा. त्या दोरावर सर्वांत पुढची चढाई केली आणि माणूस पडला, तर दोर तुटला नाही तरी झटक्याने शरीराला गंभीर दुखापत होऊ शकते. कॅराबिनर नावाच्या कडीवर तिची ताकद कोरलेली असते. मान्य प्रतीच्या कडीने लांबीच्या दिशेने निदान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार किलोंचा भार सोसावा लागतो. तीच कडी आडवी पडली किंवा तिचे दार उघडे राहिले तर ती मर्यादा ७ किलोन्यूटनपर्यंत उतरू शकते. गुजरीत सोने घेताना हॉलमार्क पाहणाऱ्या आणि हुपरीच्या चांदीचा कस विचारणाऱ्या माणसाने मुलाच्या हार्नेसवरील, दोरावरील आणि कडीवरील मानकाचे चिन्ह पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही. दोर आणि पट्टे यांना वयही असते. न वापरता ठेवलेला माल जुना होत नाही, हा समज येथे चालत नाही. उत्पादक सर्वसाधारणपणे दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात. आणि मोठा झटका बसलेला, आवरण फाटलेला किंवा रसायन सांडलेला दोर त्याआधीच बाद करावा लागतो.

दुसऱ्याने तपासलेली गाठ

तरीही या खेळातील अनेक अपघात दोर तुटून होत नाहीत. ते माणसाच्या एका साध्या विसरण्यातून होतात. याचे सर्वपरिचित उदाहरण जगातील एका श्रेष्ठ आरोहिकेचे आहे. अमेरिकेच्या लिन हिल १९८९ साली दक्षिण फ्रान्समधील एका कड्यावर सरावाची चढाई करीत होत्या. हार्नेसमध्ये दोर ओवल्यावर गाठ पुरी करण्याआधी त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि अंगावरील जाकिटामुळे अर्धवट गाठ झाकली गेली. चढाई निर्विघ्न झाली, कारण चढताना दोरावर भार आलाच नव्हता. वर पोहोचून उतरण्यासाठी त्यांनी दोरावर अंग टाकले आणि दोर सुटून आला. बऱ्याच उंचीवरून त्या कोसळल्या. झाडाच्या फांद्यांनी पडण्याचा वेग कमी केला म्हणून त्या हाताच्या कोपराच्या आणि पावलाच्या दुखापतीवर बचावल्या. पुढे १९९३ साली अमेरिकेतील एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरील ‘नोज’ हा मार्ग वर जाण्यासाठी दोराचा आधार न घेता, केवळ हातापायांच्या बळावर चढणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांचेच नाव नोंदले गेले.

कौशल्य कमी पडले म्हणून हा अपघात घडला असे म्हणता येत नाही. उलट हजारदा बांधलेली गाठ आपोआप बांधली जाते, आणि आपोआप होणाऱ्या कामातच विसर शिरतो. म्हणून ‘परस्पर तपासणी’ हा या शिक्षणाचा कणा मानला जातो. चढण्यापूर्वी दोघे समोरासमोर उभे राहतात. हार्नेसचे पट्टे बकलातून नीट परत ओवले आहेत का, आठच्या आकाराची गाठ पुरी आणि आवळलेली आहे का, बिले साधनात दोर योग्य दिशेने बसला आहे का, कडीचे कुलूप फिरवले आहे का, डोक्यावर शिरस्त्राण आहे का, दोराच्या सुट्या टोकाला गाठ आहे का, हे एकजण दुसऱ्याचे डोळ्यांनी पाहतो आणि हाताने चाचपतो. मग ठरलेले शब्द उच्चारले जातात आणि उलट उत्तर आल्याशिवाय पाऊल कातळावर पडत नाही. प्रशिक्षकाची तपासणी विद्यार्थी करतो. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पेढीवर वाढलेल्या मुलाला हे पटवून द्यावे लागू नये. एकाने लिहिलेली खतावणी दुसरा पडताळतो, रोकड एक मोजतो आणि दुसरा पुन्हा मोजतो. मुनीमजी प्रामाणिक नाहीत म्हणून हे होत नाही. प्रामाणिक माणसाचीही नजर चुकते म्हणून होते. शिवकाळात किल्ल्याचा कारभारही एकाच्या हाती सोपवलेला नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी आपापली कामे सांभाळत आणि एकमेकांवर नजर राही. गगनबावडा ही ज्या घराण्याची जहागीर, त्या बावडेकर अमात्यांचे पूर्वज रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांच्या रक्षणासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. कड्याच्या आश्रयाने राज्य राखणाऱ्यांनी कड्यापेक्षा दक्षतेवर अधिक भर दिला, हे या भूमीत विसरता येणार नाही.

उतरताना

चढून गेल्याचा आनंद मोठा असतो आणि नेमका तोच घातक ठरतो. दोरावरून घसरत खाली येण्याला रॅपलिंग म्हणतात. पाहणाऱ्याला ते सर्वांत सोपे वाटते. शाळांच्या सहलींत आणि पर्यटनाच्या जाहिरातींत ते खेळणे म्हणूनच मांडले जाते. परंतु चढताना भार कातळावर असतो आणि दोर राखीव. उतरताना मात्र सारा भार पहिल्या क्षणापासून दोरावर आणि वरच्या आधारावर येतो. तेथे चूक झाली तर सावरायला दुसरे काही उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उतरताना ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला, तेव्हा अनेक दशके सह्याद्रीचा कानाकोपरा हिंडलेला माणूस गेला म्हणून सारे गिर्यारोहण विश्व हळहळले. अनुभवाला कडा वेगळी सूट देत नाही, याची जाणीव त्या दिवशी पुन्हा झाली.

म्हणून उतरण्यासाठी वेगळे नियम शिकवले जातात. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारावी, म्हणजे अंदाज चुकला तरी माणूस टोकावरून निसटत नाही. मुख्य दोरावर बारीक दोरीची पकडगाठ लावावी. हात सुटला तर ती आवळून माणसाला थांबवते. शक्य तेथे वरून दुसऱ्या दोराने राखण ठेवावी. शिकाऊ मंडळींसाठी तर हा दुसरा दोर असलाच पाहिजे. केस, ओढणी, सैल कपडे साधनात अडकणार नाहीत असे बांधून घ्यावेत. आणि उजेड असतानाच खाली यावे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरातील मुलाला दिवस मावळण्याआधीच्या वेळेचा हिशेब नवा वाटू नये. कड्यावर तोच हिशेब दुपारपासून मांडावा लागतो.

कोणाकडे शिकावे

या देशात या विद्येची रीतसर शिक्षणपरंपरा आहे. एव्हरेस्टवर पहिले पाऊल पडल्यानंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयीन पर्वतारोहण संस्था स्थापन झाली आणि तेनझिंग नोर्गे यांनी तेथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा सांभाळली. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ ची. हिमालयाच्या अभ्यासक्रमांतही आरंभ कातळावरील सरावापासूनच होतो. देलवाड्याच्या दर्शनास गेलेल्या कुटुंबांना ठाऊक नसेल, पण त्याच माउंट अबूवर गुजरात सरकारची पर्वतारोहण संस्था असून तेथे प्रस्तरारोहणाचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम चालतात.

महाराष्ट्रात मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ पासून, तर पुण्याची गिरिप्रेमी १९८२ पासून कार्यरत आहे. गिरिविहारच्या पुढाकाराने २०१६ साली नवी मुंबईत या खेळातील विश्वचषक स्पर्धेचा एक टप्पाही भरला होता. राज्यातील संस्थांना अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या छत्राखाली एकत्र आणण्याचे कामही झाले आहे आणि डोंगरातील अपघातांत धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांचे बचाव पथक ठिकठिकाणी उभे राहिले आहे.

याच्या जोडीला मात्र दुकानदारीही वाढली आहे. समाजमाध्यमांवर आकर्षक चित्र टाकून, तासाभराची माहिती देऊन, पन्नास-साठ जणांना कड्यावर नेणारे आयोजक सर्वत्र दिसतात. हिमालयातील मोहिमेत मुलगा गमावलेल्या एका मराठी दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून राज्यात साहसी उपक्रमांसाठी सुरक्षा नियमांची वाट मोकळी झाली. २०१४ आणि २०१८ मध्ये शासन निर्णय निघाले, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद झाली. त्या नियमांमागे एका घराचे न भरून येणारे दुःख आहे. ते वाचण्याचा कंटाळा इतर पालकांनी करू नये.

मुलाला पाठवण्यापूर्वी आयोजकाला विचारावयाचे प्रश्न थोडके आहेत:

- आपली नोंदणी आहे काय?
- शिकवणाऱ्याने कोणत्या संस्थेत, कोणता अभ्यासक्रम पुरा केला?
- एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील?
- दोर केव्हा घेतले आणि त्यांच्या वापराची नोंदवही आहे काय?
- प्रथमोपचार येणारा माणूस आणि बचावाचे साहित्य बरोबर असेल काय?
- सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, आणि तेथवर पोहोचण्यास किती वेळ लागेल?
- हवामान बिघडल्यास मोहीम रद्द करता काय, आणि पैसे परत करता काय?

शेवटचा प्रश्न व्यापारी माणसाने आवर्जून विचारावा. कारण पैसे परत न करण्याचा नियम असेल तर आयोजकाला आणि ग्राहकालाही मोहीम रेटून नेण्याचा मोह होतो. ‘काही झाल्यास जबाबदारी आमची नाही’ अशा छापील कागदावर सही घेतली म्हणजे सुरक्षितता आली, असे समजू नये. खरा शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे मुलाला धाडू नये.

गगनबावड्याच्या कड्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: ही आरंभाची पाठशाळा नव्हे. पहिले धडे कमी उंचीच्या, पक्क्या, अनेकांनी चढलेल्या कातळावर, वरून बांधलेल्या दोराच्या आधाराने घ्यावयाचे असतात. सह्याद्रीचे मोठे कडे त्यानंतर काही वर्षांनी, जाणत्यांच्या सोबतीने. जेथे जंगल वनखात्याचे आहे तेथे परवानगी, जेथे श्रद्धास्थान आहे तेथे त्याचा मान आणि जेथे गाव आहे तेथे गावकऱ्यांना पूर्वसूचना, हे त्या शिक्षणातच येते. अपघात घडल्यास वाटेची खरी माहिती गावकऱ्यांनाच असते आणि पहिली मदतही बहुधा त्यांचीच पोहोचते.

प्रसंग ओढवल्यास

दगड लागून किंवा पडून कोणी जखमी झाला, तर आधी उरलेल्यांनी स्वतःला सुरक्षित करावे. मान किंवा पाठ दुखावल्याचा संशय असल्यास, जागा धोक्याची नसेल तर जखमीला हलवू नये. वाहते रक्त स्वच्छ कापड घट्ट दाबून थांबवावे, अंग उबदार ठेवावे. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लोंबकळत राहणे स्वतःच जीवघेणे ठरू शकते. त्याला लवकरात लवकर दोरावरून उतरवण्याचे शिक्षण सोबत्यापाशी असले पाहिजे. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. घाटात फोनला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी कोठे जाणार, कोणत्या मार्गाने, किती जण, आणि किती वाजेपर्यंत परत न आल्यास शोध सुरू करायचा, हे घरी कागदावर लिहून ठेवावे. घरी लिहून ठेवलेला हा कागदही परतीचा एक दोरच आहे.

परंतु तो कागद लिहिला जाईल केव्हा? घरात विषय काढण्याची मुभा असेल तेव्हाच. ज्या घरात कडा हा शब्दच निषिद्ध आहे, तेथील मुलगा असा कागद कोणाच्या हाती देणार? काही घरांनी यातून शहाणी वाट काढली आहे. नकार न देता आधी शिक्षणाची अट घालावी, प्रमाणपत्र पाहावे, प्रशिक्षकाशी स्वतः बोलावे आणि पहिल्या सरावाला बरोबर जाऊन कड्याखाली बसावे. तेथे बसलेल्या बापाला दिसते की दिवसाचा बराचसा वेळ चढण्यात जातच नाही. तो गाठी बांधण्यात, सोडण्यात, पुन्हा बांधण्यात आणि एकमेकांच्या गाठी तपासण्यात जातो. आपल्या मुलाने कमरेची गाठ पुढे करून दुसऱ्याला “बघ” म्हटलेले त्याला ऐकू येते.

गगनबावड्याच्या माथ्यावर दिवस कलला की सहलीची वाहने कोल्हापूरच्या दिशेने वळू लागतात. गाडीत बसण्याआधी घरातील वडीलधारे माणूस सवयीने मोजते, सगळे आले ना? या विद्येचा आरंभही त्याच मोजणीने होतो आणि दिवसाचा शेवटही.